खोटे, दुर्गा

(१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी व हिंदी चित्रपटांतील ख्यातनाम अभिनेत्री, रंगभूमीवरील कलावती आणि निर्माती. जन्म मुंबईस एका सुखवस्तू व सुशिक्षित गौड सारस्वत कुटुंबात. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील नामवंत सॉलिसिटर होते. आईचे नाव मंजुळाबाई. दुर्गाबाईंचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल हायस्कूलमध्ये झाले व पुढे त्या सेंट झेव्हियर महाविद्यालयात दाखल झाल्या. महाविद्यालयात असतानाच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. विश्वनाथ हे बनारस हिंदू विश्वविद्यालयातून अभियांत्रिकी शिकलेले होते व त्यांचे घराणेही श्रीमंत होते. बकुळ आणि हरिन असे दोन मुलगे त्यांना झाले. विश्वनाथांचे बंधू नंदू खोटे हे रंगभूमीवर व मूकपटांत भूमिका करीत. पुढे नाव मिळविलेले शुभा खोटे व विजू खोटे हे त्यांचेच अपत्य. तथापि घरातील पुरुषाने हौसेने तोंडाला रंग लावणे वेगळे आणि घरातील सुनेने पोटासाठी पडद्यावर येणे वेगळे, असे त्या काळचा समाज मानीत होता. दुर्गाबाईंच्या कारकीर्दीचे महत्त्व समजण्यासाठी ही पार्श्वभूमी थोडी विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. स्त्री-भूमिकेसाठी स्त्री मिळविण्याचे फाळक्यांचे सर्व प्रयत्न व्यर्थ गेले, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके त्यांना सापडले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या मायलेकींनी काम करून ही कोंडी फोडली. परंतु ती पुन्हा मिटल्यासारखी झाली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ (१९२०) मध्ये स्त्रियांना घेतले, तेव्हा गुलाबबाई ही कमलादेवी आणि अनसूयाबाई ही सुशीलादेवी झाली. मूकपटांच्या काळातील रूबी मायर्स ‘सुलोचना’ म्हणून आणि रेने स्मिथ ‘सीतादेवी’ म्हणून लोकप्रिय झाली. नाव बदलण्यामागे पडद्याची सोय होती, तशीच घराची अब्रू झाकण्याची सोयही होती. या नावांच्या मांदियाळीत ‘खोटे’ हे सासरचे आडनाव धारण केलेली एक विवाहित स्त्री १९३१ मध्ये प्रकट झाली, आणि वादाला तोंड फुटले.

दुर्गाबाई चित्रपटात आल्या त्या कलेच्या ओढीने नव्हे. मंदीच्या त्या काळात खोटे कुटुंबाची सांपत्तिक स्थिती ढासळली. मुलांना वाढविण्यासाठी मिळकत आवश्यक झाली आणि माहेरच्या आधारावर जगणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. काही काळ त्यांनी शिकवण्या केल्या. अशा वेळी त्यांची बहीण शालिनी हिच्याकडे चित्रपटात काम करण्याविषयी विचारणा आली. तिने ती नाकारली व दुर्गाबाईंचे नाव सुचविले. मोहन भवनानी दिग्दर्शित ‘फरेबी जाल’ (१९३१) मधील ही भूमिका अगदी छोटी होती. कथानक काय आहे, आपला भाग त्यात कोठे बसतो, याची पुरेशी कल्पना त्यांना नव्हती. नवी नटी ही एका प्रसिद्ध सॉलिसिटरची कन्या व खोटे घराण्याची सून आहे, हे मात्र जाहिरातीत ठळकपणे मांडण्यात आले. चित्रपट हिणकस ठरला आणि टीकेचा भडिमार दोन्ही घराण्यांवर झाला. नाव न लपविण्याची किंमत अशी पहिल्याच पावलाला मोजावी लागली. चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध तेथेच संपला असता, तर त्यात नवल नव्हते.

तो संपला नाही याचे श्रेय प्रभात फिल्म कंपनीला आहे. १९२९ मध्ये कोल्हापूर येथे स्थापन झालेली ही संस्था त्या सुमारास मूकपटांकडून बोलपटांकडे वळत होती. हरिश्चंद्राच्याच आख्यानावर मराठी व हिंदी अशा दोन भाषांत बोलपट काढावयाचे तिने ठरविले. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ‘फरेबी जाल’ मधील अल्पशा दर्शनावरून दुर्गाबाईंची तारामतीसाठी निवड केली. आधीच्या अनुभवाने पोळलेल्या दुर्गाबाई व त्यांचे वडील या दोघांचीही संमती सहजासहजी मिळालेली नव्हती. पण पौराणिक विषय, पतिव्रतेची भूमिका आणि संस्थाचालकांची सचोटी यांमुळे अखेर होकार आला. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ च्या आरंभी प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट म्हणून सामान्यतः त्याचीच गणना होते. ज्या तारामतीसाठी एकोणीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रात स्त्री मिळाली नव्हती, ती तारामती आता झेव्हियर महाविद्यालयात शिकलेल्या एका स्त्रीने साकार केली.

या चित्रपटाच्या निर्मितीची परिस्थिती आजच्या प्रेक्षकाला सहज कळणारी नाही. पार्श्वगायनाची पद्धती भारतात १९३५ च्या सुमारास रुजू लागली. तोपर्यंत नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावयाचे, आणि वादकांनी चौकटीच्या बाहेर कोठेतरी दडून साथ करावयाची, असा प्रकार होता. ध्वनिग्राहक एका जागी बसविलेला असे. त्याच्यापासून दूर जाऊन बोललेले शब्द हरवत. त्यामुळे नटाच्या हालचालीला आपोआप मर्यादा पडे. शिवाय प्रत्येक दृश्य मराठीत व हिंदीत असे दोनदा चित्रित करावयाचे. हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे हे मुरलेले गायक-नट आणि चित्रपटाचे संगीतकारही होते. दुर्गाबाईंना रंगभूमीचा अनुभव नव्हता आणि व्यावसायिक गायिकेची तयारीही नव्हती. ही उणीवच एका अर्थाने त्यांच्या पथ्यावर पडली. संगीत रंगभूमीवरून आलेल्या नटांचे हातवारे व लांबविलेले स्वर ध्वनिग्राहकाला आणि भिंगाला भडक वाटत; दुर्गाबाईंना विसरावे लागेल असे काही त्यांच्या अंगी मुळात जडलेलेच नव्हते. उंच, ताठ बांधा, स्थिर नजर, स्पष्ट व किंचित खर्जातला आवाज आणि संथ हालचाल एवढ्या सामग्रीवर त्यांनी तारामती उभी केली. काशीच्या बाजारात विक्रीला उभी असलेली राणी हा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे आक्रोशाला भरपूर वाव होता. दुर्गाबाईंनी मान खाली जाऊ न देता तो प्रसंग निभावला आहे. दैन्य दाखवितानाही राजेपण न सोडण्याची ही रीत पुढे त्यांची ओळख झाली.

याच वर्षी आलेल्या प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’ मध्ये त्यांनी स्त्रीराज्याच्या राणीची भूमिका केली. पायाशी जिवंत चित्ता बसलेला आणि बाजूला शस्त्रधारी स्त्रिया, अशी ती राणी प्रेक्षकांच्या चांगलीच स्मरणात राहिली. तारामती आणि ही राणी यांत पतिव्रता व सम्राज्ञी असे दोन टोकांचे अंतर आहे. ते त्यांनी काही महिन्यांत पार केले. लगेच त्यांना कलकत्त्याहून बोलावणे आले. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) मध्ये मीरेची आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’ (१९३४) मध्ये सीतेची भूमिका त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली केली. दोन्ही चित्रपटांत पृथ्वीराज कपूर त्यांचे सहकलाकार होते. ‘सीता’ व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. शांतारामांकडे त्यांना शिस्त व तंत्र मिळाले, देवकी बोस यांच्याकडे भावाचा संयम, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

या प्रवासात एक व्यावसायिक मुद्दा दडलेला आहे आणि त्याकडे चरित्रकारांचे लक्ष सहसा जात नाही. त्या काळी नट-नट्या एखाद्या चित्रसंस्थेच्या मासिक वेतनावर बांधलेल्या असत. संस्थेच्या आवारात वेळेवर हजर व्हावयाचे आणि दिलेले काम करावयाचे, अशी ती कारखानी पद्धत होती. दुर्गाबाईंनी आरंभापासूनच एका संस्थेशी कायमचे बांधून घेण्याचे नाकारले. कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई, पुणे असे जेथे चांगले काम मिळेल तेथे प्रत्येक चित्रपटापुरता करार करून त्या गेल्या. दोन मुलांची जबाबदारी अंगावर असलेल्या स्त्रीने निश्चित पगार सोडून हा धोका पत्करला, याचे मोल मोठे आहे. स्टुडिओ-पद्धती मोडकळीस आल्यावर १९४० नंतर सर्वच कलावंत याच रीतीने काम करू लागले. दुर्गाबाईंनी ती वाट सुमारे दहा वर्षे आधी चोखाळली होती.

प्रभातने १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतर केले. तेथे शांतारामांनी काढलेला ‘अमरज्योती’ (१९३६) हा दुर्गाबाईंच्या नायिकापर्वाचा कळस होय. यातील सौदामिनी आपल्या मुलाचा ताबा मागावयास राजदरबारी जाते. पत्नी ही पतीची दासी, तिला मुलावर हक्क नाही, असा निवाडा तिला ऐकावा लागतो. मग ती समुद्रावरील चाच्यांची नायिका बनून सूडाला उभी राहते. न्यायमंत्री दुर्जयाच्या भूमिकेत चंद्रमोहन होते, तर शांता आपटे यांनी राजकन्या नंदिनी रंगविली होती. वेशभूषा व नेपथ्य कल्पनारम्य असले, तरी त्यातील प्रश्न त्या काळच्या मराठी घरांतला होता, आणि तो विचारणारी अभिनेत्री स्वतः मुलांसाठी कमावती झालेली आई होती. कथेच्या उत्तरार्धात सूडाची धार बोथट होते व तडजोडीचा सूर लागतो. ही पटकथेची मर्यादा होय. परंतु दरबारातील प्रसंगात दुर्गाबाईंचा जो संताप दिसतो, त्याला उत्तर चित्रपटाजवळ नाही. ‘अमरज्योती’ ही व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला.

यानंतर त्या निर्मितीत उतरल्या. नटराज सिनेटोन या संस्थेच्या वतीने ‘सवंगडी’ व त्याची हिंदी आवृत्ती ‘साथी’ (१९३८) हे चित्रपट काढण्यात त्यांचा पुढाकार होता. पहिली स्त्री-निर्माती असा त्यांचा उल्लेख कधीकधी केला जातो, तो बरोबर नाही. फातमा बेगम यांनी १९२६ मध्येच ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट स्वतः काढून दिग्दर्शितही केला होता. मात्र मराठी बोलपटांच्या क्षेत्रात भांडवल, करार व हिशेब यांची जबाबदारी उचलणाऱ्या स्त्रिया त्या वेळी जवळजवळ नव्हत्याच.

१९४१ मध्ये त्यांच्या कारकीर्दीला वेगळे वळण लागले. आचार्य अत्रे यांची कथा व गजानन जागीरदार यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘पायाची दासी’ मध्ये दुर्गाबाईंनी सुनेचा छळ करणारी सासू रंगविली. सून होत्या वनमाला. दुर्गाबाईंचे वय तेव्हा अवघे छत्तीस होते. नायिकेने सासू होण्यास नकार देण्याचे हे वय, पण त्यांनी ती भूमिका जाणीवपूर्वक स्वीकारली आणि तिला एकसुरी खाष्टपणातून बाहेर काढले. त्यांच्या सासूला घरातील सत्ता टिकविण्याची भीतियुक्त तळमळ आहे. किल्ल्यांचा जुडगा सुटला की आपण कोणीच नाही, हे ती ओळखून आहे. हिंदीतील ‘चरणों की दासी’ लाही असेच यश लाभले. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) मधील कैकेयी आणि सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’ (१९४३) मधील मृणालवती या भूमिका त्याच मालिकेतील. क. मा. मुनशी यांच्या कादंबरीतील ही गर्विष्ठ, विरक्त राजभगिनी बंदिवान मुंजावर अनुरक्त होते, तो तिचा अंतर्गत संघर्ष दुर्गाबाईंनी संयमाने व्यक्त केला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या समग्र कारकीर्दीतील सर्वोत्तम अभिनय १९३६ ते १९४३ या आठ वर्षांत आढळतो. आणि त्यातील बहुतेक स्त्रिया प्रेमळ किंवा सोशिक नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘चरणों की दासी’ व ‘भरत मिलाप’ या चित्रपटांतील अभिनयाबद्दल बंगालच्या चित्रपट-पत्रकार संघटनेचे पुरस्कार त्यांना मिळाले.

रंगभूमीकडे त्या उलट्या वाटेने आल्या. सामान्यतः नाटकातून चित्रपटात जाण्याची रीत. दुर्गाबाई चित्रपटातून नाटकात आल्या. मराठी रंगभूमीवर स्त्रियांनीच स्त्री-भूमिका कराव्यात हा आग्रह नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकाने धरला. म्हणजे या बाबतीत पडदा रंगमंचाच्या पुढे होता. चाळिशीच्या दशकापासून मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यशाखेच्या प्रयोगांत दुर्गाबाई नियमाने भाग घेऊ लागल्या. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ तील आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅक्‌बेथ’ वरून रचलेल्या ‘राजमुकुट’ (१९५४) मधील राणी या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. ‘राजमुकुट’ मध्ये नानासाहेब फाटक त्यांच्यासमवेत होते. नानासाहेबांची वाणी मेघगर्जनेसारखी, दुर्गाबाईंची धारदार व आवरलेली; या विरोधामुळे प्रयोगाला नाट्यमयता येई. ‘कीचकवध’, ‘वैजयंती’, ‘पतंगाची दोरी’ इ. नाटकांतूनही त्यांनी भूमिका केल्या. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला, तो रंगभूमीवरील अभिनयाबद्दल होता. १९६१ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या.

पन्नाशीनंतरच्या हिंदी चित्रपटांत त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने आईच्या व आजीच्या भूमिका आल्या. यांतील सर्वांत संस्मरणीय भूमिका के. आसिफ यांच्या ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाईची होय. मीरेच्या काळातील सहकलाकार पृथ्वीराज कपूर येथे अकबर होते. पती व पुत्र या दोन हट्टी पुरुषांमध्ये सापडलेल्या राणीला पटकथेत मोजकेच प्रसंग आहेत. पण शब्दांपेक्षा थांबण्याने बोलण्याचे त्यांचे कसब त्यांत दिसते. ‘बावर्ची’ (१९७२), ‘अभिमान’ (१९७३), ‘कर्ज’ (१९८०) यांसारख्या चित्रपटांतून त्या नव्या पिढीच्या परिचयाच्या झाल्या. ‘बॉबी’ (१९७३) मध्ये गोव्याकडील ख्रिस्ती आजी त्यांनी मोठ्या खेळकरपणे केली. ‘बिदाई’ (१९७४) मधील आईच्या भूमिकेसाठी वयाच्या सत्तरीत त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. असे असले, तरी सौदामिनी व मृणालवती यांच्या तोडीची एकही भूमिका या तीस वर्षांत त्यांना मिळाली नाही. दोष त्यांचा नव्हता. हिंदी चित्रपटाने प्रौढ स्त्रीसाठी आशीर्वाद देणे व अश्रू ढाळणे यांपलीकडे फारसे काही लिहिलेच नाही. कित्येक भूमिका त्यांनी निव्वळ चरितार्थासाठी केल्या, आणि त्या तशा केल्या हे सांगण्यात त्यांनी कधी संकोच मानला नाही.

अभिनयाबरोबर त्यांनी लघुपट व जाहिरातपट यांच्या निर्मितीचा उद्योग चिकाटीने चालविला. दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या त्यांच्या संस्थेची ‘वागळे की दुनिया’ (१९८८) ही दूरदर्शन-मालिका विशेष गाजली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेली व कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका मुंबईतील मध्यमवर्गीय कारकुनाच्या साध्या अडीअडचणींभोवती फिरते. मूकपटाच्या अखेरच्या काळात पडद्यावर आलेली स्त्री दूरदर्शनच्या काळातही निर्मितीच्या क्षेत्रात वावरत होती.

त्यांचे खाजगी आयुष्य सुखाचे झाले असे म्हणता येत नाही. मोहम्मद रशीद यांच्याशी झालेला त्यांचा दुसरा विवाह टिकला नाही. मुलगा हरिन ऐन उमेदीत निवर्तला. त्याची पत्नी विजया या पुढे विजया मेहता या नावाने नाट्यदिग्दर्शिका म्हणून प्रसिद्धीस आल्या. हे सर्व दुर्गाबाईंनी ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) या आत्मचरित्रात लिहिले आहे. मराठी अभिनेत्रींच्या आत्मकथनांत हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ शी त्याची तुलना होते. हंसाबाईंचे कथन जखम उघडी करून दाखविणारे आहे. दुर्गाबाईंचे निवेदन हिशेबनीसाच्या वहीसारखे नेटके. आपल्या चुका त्या मान्य करतात, पण वाचकाची सहानुभूती मागत नाहीत. चित्रसंस्थांतील कामाची पद्धत, प्रवास, मानधनाच्या वाटाघाटी यांचे बारीक तपशील असल्यामुळे अभ्यासकाला हा ग्रंथ टाळून चालत नाही. त्याचा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या शीर्षकात दुसऱ्या विवाहानंतरचे नाव नाही, माहेरचेही नाही. ज्या नावावरून १९३१ मध्ये गहजब झाला, तेच त्यांनी कायम ठेवले.

‘कुलीन स्त्रियांना चित्रपटाचे दार उघडून देणाऱ्या’ असे त्यांचे वर्णन वारंवार केले जाते. त्यात तथ्य आहेच; शिकलेल्या मराठी घरांतील मुलींनी पुढील दशकात चित्रपटात प्रवेश केला, तेव्हा घरच्यांची समजूत घालण्यासाठी दुर्गाबाईंचे उदाहरण उपयोगी पडले. मात्र या वर्णनाला एक अप्रिय बाजूही आहे. ज्या कलावंत घराण्यांतील, अँग्लो-इंडियन व ज्यू समाजांतील स्त्रियांनी दोन दशके हा व्यवसाय उभा केला, त्यांचे काम या एका विशेषणाने नकळत हलके ठरते. स्वतः दुर्गाबाईंना आपली वाट सुकर झाली ती कुलामुळे की कामामुळे, याविषयी भ्रम नव्हता. कुलाने त्यांना पहिल्याच चित्रपटात अडचणीत आणले होते.

१९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च मानला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ सालासाठी त्यांना देण्यात आला. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये डाकखात्याने काढलेल्या तिकिटांच्या संचात त्यांच्या स्मरणार्थ एक तिकीट आहे. आरंभीच्या काळातील अनेक मराठी बोलपट कायमचे नष्ट झाले. ‘अयोध्येचा राजा’ मात्र शिल्लक राहिला असून उपलब्ध मराठी बोलपटांत तो सर्वांत जुना होय. त्यातील ध्वनिमुद्रण जागोजागी खरखरते व गाण्यांची साथ अस्पष्ट येते, परंतु तारामतीचा प्रत्येक शब्द आजही स्वच्छ ऐकू येतो.